मनावरच्या अंगणातले 70 तास

240 तास. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत एवढं काम करायचं असतं; वर्षाला 120. शिवाय एकदा 7 दिवसांचं विशेष शिबिर. दिवसाला आठ तास धरले तर सगळं मिळून 37 दिवस होतात.

हे थोडं की पुष्कळ? 1959 मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने सुचवलं होतं की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी 9 महिने ते 1 वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या माणसाची ही सूचना खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळेच मागे पडली. पुढे के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतले प्रयोग अभ्यासून सेवा ऐच्छिक ठेवा असं सांगितलं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन योजना सुरू झाली. देशमुखांचे कमीत कमी 270 दिवस. आपल्या हाती आले 37. सातवा हिस्सा.

स्वयंसेवक आज 40 लाखांच्या घरात आहेत, म्हणजे शंभर पट. पण 2021-22 मध्ये देशात उच्च शिक्षण घेणारेच 4.33 कोटी होते, आणि या 40 लाखांत उच्च माध्यमिक शाळांची मुलंही आली. दहातला एकसुद्धा भरत नाही.

आता या योजनेतलं एक ठिकाण, मनावर. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं, मान नदीकाठचं तालुक्याचं गाव. धार आणि देवास म्हटलं की मराठी माणसाला पवारांची संस्थानं आठवतात. मनावर मात्र निमाडातलं, निमाडी आणि भिली बोलणारं. 2011 च्या जनगणनेत धार जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास 22 लाख होती. त्यात आदिवासी सुमारे 56 टक्के, साक्षरता 59 टक्के. देवासमध्ये आदिवासी 17 टक्क्यांच्या आसपास, साक्षरता 69. योजनेचे नियम दोन्हीकडे तेच. तरी शहरातल्या मुलासाठी शिबिर म्हणजे खेडं पाहायला जाणं, आणि मनावरच्या कॉलेजात फळियातून, म्हणजे पाड्यावरून, येणाऱ्या मुलीसाठी ते आपल्याच माणसांत परत जाणं. कुठला हातपंप एप्रिलमध्ये आटतो, कुठली घरं मजुरीसाठी गुजरातेत जातात, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. अशा मुलीच्या हाती फक्त झाडू देणं मला अन्याय वाटतो.

120 तासांची ठरलेली विभागणी अशी: 20 तास प्रशिक्षणाचे, 30 कॉलेजच्या आवारातले, आणि 70 दत्तक गावात. 100 स्वयंसेवकांची एक तुकडी धरली तर गावाला वर्षाला 7,000 तास मिळतात. त्या शंभरांमागे कार्यक्रम अधिकारी एकच, तोही वर्गावर शिकवून हे काम करणारा. पैशांचं म्हणाल, तर गेल्या दशकात बराच काळ नियमित कामाला माणशी वर्षाला 250 रुपये आणि शिबिराला 450 असा दर होता. तासाला दोन रुपये. शिबिरात दिवसाला 64, त्यातच जेवण आणि प्रवास. एवढ्यात सात दिवस शिबिर निभावून नेणाऱ्या प्राध्यापकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पैसे वाढायलाच हवेत. पण त्याहून मोठी अडचण सलगतेची आहे. धारमध्ये 2011 साली सात वर्षांवरच्या दर 100 माणसांत 41 जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. साक्षरता अभियानात एका प्रौढाला शिकवायला साधारण 200 तास धरत. स्वयंसेवक मुलीने दोन्ही वर्षांचे गावातले सगळे तास एकाच बाईला शिकवण्यात घातले, तरी 140 होतात. मग तिची मुदत संपते. दत्तक गाव बदललं की त्या बाईची पाटी तिथेच थांबते. गाव तेच राहिलं, तर उरलेले 60 तास मागून येणाऱ्या मुलीने त्याच अंगणात बसून द्यायचे, आदल्या मुलीने वहीत जिथे खूण केली असेल तिथून पुढे.