'वे' : इंग्रजीतील वाट, रीत आणि पल्ला

इंग्रजी भाषा आपल्या मुलांना अडवते ती तिच्या अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांमुळे अधिक. मोठा शब्द अडला की विद्यार्थी शब्दकोश उघडतो. पण 'वे' म्हणजे रस्ता, हे त्याने लहानपणीच पाठ केलेले असते. पुढे मुलाखतीत, कार्यालयात किंवा रुग्णालयात हाच शब्द निराळ्या अर्थाने समोर येतो, तेव्हा तो गोंधळतो आणि आपल्याला इंग्रजी येतच नाही, असा ग्रह करून घेतो. तो ग्रह दूर व्हावा, या हेतूने या एका शब्दाचा परिवार आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम वाटेचा अर्थ घेऊ. 'आय ॲम ऑन द वे' म्हणजे मी वाटेत आहे, येऊन पोहोचतोच आहे. 'यू आर इन द वे' याचेही शब्दशः भाषांतर 'तुम्ही वाटेत आहात' असेच होईल; परंतु त्याचा अर्थ 'तुम्ही आडवे उभे आहात, बाजूला व्हा' असा आहे. फरक एका लहानशा शब्दयोगी अव्ययाचा, पण एक वाक्य दिलासा देते आणि दुसरे हटकते. रस्त्यावरील 'गिव्ह वे' ही पाटी 'दुसऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या' असे सांगते. मात्र पूल 'गेव्ह वे' झाला, तर तो खचला असे समजावे. 'नो वे' म्हणजे रस्ता नाही असे नव्हे, तर 'मुळीच नाही'.

काही प्रयोगांना मराठीत तंतोतंत जोड सापडते. 'बाय द वे' म्हणजे आपले 'जाता जाता'. एखाद्यासाठी 'गो आउट ऑफ युवर वे' म्हणजे त्याच्यासाठी वाट वाकडी करणे. 'मेक वे' म्हणजे वाट करून देणे. मात्र उलट दिशेने जाताना सावध असावे. 'वाट पाहणे' आणि 'वाट लागणे' यांतील वाट इंग्रजीत 'वे' होत नाही; पहिल्यासाठी 'वेट' हे वेगळेच क्रियापद आहे आणि दुसऱ्याचा अर्थच तेवढा सांगावा लागतो.

आता रीतीचा अर्थ. 'इन धिस वे' म्हणजे अशा रीतीने, 'वे ऑफ लाइफ' म्हणजे जीवनपद्धती, 'हॅव युवर ओन वे' म्हणजे आपलेच म्हणणे खरे करणे आणि 'लर्न द हार्ड वे' म्हणजे ठेच लागून शिकणे. रस्त्याचा शब्द रीतीकडे कसा गेला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच भाषेत आहे. 'पद्धती' हा शब्द 'पद' आणि 'हति' यांपासून झाला. पावलांनी तुडवून झालेली वाट, हा त्याचा मूळ अर्थ. 'मेथड' या शब्दातही ग्रीक भाषेतील वाटेचा वाचक 'होडॉस' दडलेला आहे. अनेकांनी चालून वाट मळते, तशीच अनेकांनी करून रीत पडते.

पालीतील 'मज्झिमा पटिपदा' यातही पाऊल आहेच. संस्कृत 'मार्ग' पालीत 'मग्ग' झाला आणि आपण 'माग काढणे' म्हणतो तेव्हा त्याच शब्दाचा वारसा बोलत असतो. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हा भेद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केला. मार्ग दाखवता येतो. चालावे ज्याचे त्याने लागते.

परंतु मळलेली प्रत्येक वाट योग्य असतेच असे नाही. 'वहिवाट' या आपल्या कायद्यातील शब्दातही वाट आहे. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाल्यानंतर स्पृश्य पक्षाने न्यायालयात दावा लावला आणि चवदार तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देण्याच्या जुन्या वहिवाटीचा आधार घेतला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला आणि निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. 'इट हॅज ऑल्वेज बीन धिस वे', म्हणजे 'हे असेच चालत आले आहे', असे वाक्य कानी पडले की आपल्या विद्यार्थ्याला अर्थ तर कळावाच, पण प्रश्नही सुचावा.

तिसरा अर्थ पल्ल्याचा. 'अ लाँग वे टू गो' म्हणजे अजून बराच पल्ला गाठायचा आहे. 'कम अ लाँग वे' म्हणजे मोठी मजल मारली आहे. पहिल्यात उरलेले अंतर आहे, दुसऱ्यात कापलेले. आपल्या जिल्ह्यातील येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. या एकवीस वर्षांच्या वाटचालीकडे पाहिले की दोन्ही वाक्यप्रयोग एकाच वेळी खरे कसे असू शकतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आज नोकरीच्या ठिकाणी 'गो द एक्स्ट्रा माइल' हा प्रयोग फार ऐकू येतो. नेमून दिलेल्यापेक्षा अधिक काम आपणहून करणे, हा त्याचा अर्थ. त्याचे मूळ बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. रोमन अंमलाखालील लोकांना सक्तीने ओझी वाहून न्यावी लागत. एक मैल चालण्याची सक्ती झाली तर दोन मैल जा, असा तेथील उपदेश. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेठीने सरकारी ओझी वाहिली, त्यांना या वाक्यामागची सक्ती चटकन ओळखू येईल. तो जादा मैल स्वेच्छेने चालावा, कोणी लादला म्हणून नव्हे.

विद्यार्थ्यांनी 'वे' हा शब्द एकटा पाठ करू नये. त्याच्या आधीच्या 'ऑन', 'इन', 'बाय' यांसह पूर्ण वाक्य वहीत लिहावे आणि समोर त्याच अर्थाचे घरचे मराठी वाक्य मांडावे. पालकांना इंग्रजी येत नसले, तरी त्या दुसऱ्या बाजूच्या वाक्यासाठी त्यांच्याइतके जाणकार कोणी नाही. आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कामाच्या ठिकाणी अडलेले असे प्रयोग शाळेला लिहून कळवावेत. त्यांना जी वाट चालून सापडली, ती मागून येणाऱ्यांना आयती मळलेली मिळेल.