बंदूक केव्हा भरावी?

१५ सप्टेंबर १८६४ चा दिवस. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, नेस्टन पार्क येथे, जॉन हॅनिंग स्पीक हा गृहस्थ तित्तिरांच्या शिकारीला निघाला होता. नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून निघते असे जगाला सांगणारा तो हाच स्पीक. दुसऱ्याच दिवशी बाथ शहरी, विद्वानांच्या सभेपुढे, रिचर्ड बर्टन या आपल्या जुन्या सोबत्याशी त्याचा याच प्रश्नावर वाद व्हायचा होता. तो वाद झालाच नाही. एक बुटका दगडी गडगा ओलांडताना स्पीकच्या बंदुकीचा बार उडाला, तो त्याच्याच छातीत शिरला, आणि थोड्याच वेळात त्याचा प्राण गेला. बंदूक दुनळी होती, मागून काडतूस भरावयाची, आणि तिला सुरक्षेचा खटका नव्हता. वादाच्या धास्तीने त्याने जीव दिला, असे पुढे काही जण म्हणत राहिले. चौकशीत मात्र तो अपघात ठरला. त्या जुन्या शंकेत आम्हांस शिरावयाचे नाही. आम्हांस पडलेला प्रश्न साधा आहे. आफ्रिकेच्या रानावनातून जिवंत परतलेल्या या मुरब्बी माणसाने गडग्यावर चढताना बंदूक भरलेली का ठेवली?

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. परंतु अमेरिकेत, जर्मनीत, अन्य कित्येक देशांत लाखो माणसे आजही दर वर्षी परवाना काढून रानात जातात. बंदूक हातात घेऊन चालताना ती भरलेली असावी की नसावी, यावर त्यांच्यात अजून वाद चालतो.

वाद समजावा म्हणून बंदुकीची रचना थोडी पाहू. रायफलीत काडतूस दोन ठिकाणी राहते. एक मॅगझीन, म्हणजे खालची पेटी. आणि दुसरे चेंबर, म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस नेमके बसेल अशी पोकळी. पेटीतले काडतूस चाप ओढून उडत नाही. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला म्हणजे पेटीतले एक काडतूस चेंबरमध्ये जाते, आणि ठोका देणारी सळई ताणलेल्या स्प्रिंगवर अडकून राहते. आता बार आणि माणूस यांच्यामध्ये उरतो तो चाप आणि तो एवढासा खटका.

या खटक्यावर लोकांचा फार भरवसा. वास्तविक कित्येक रायफलींत हा खटका फक्त चाप अडवतो. सळई मोकळीच असते. १८९८ च्या माउझर रायफलीत तो सळईलाच धरून ठेवतो, ही रचना अधिक पक्की. पण खटका कोणताही असो, तो लोखंडाचा तुकडा आहे. त्यात धूळ जाते, तेल थिजते, झुडपाच्या फांदीने तो सरकतो, आणि घाईत अंगठ्याला वाटते की आपण तो लावला आहे.

अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीच्या ‘७००’ या अतिशय खपलेल्या रायफलीचे उदाहरण घेऊ. १९८२ पूर्वीच्या या रायफलींत खटका लावला की बोल्टही बंद होत असे. म्हणजे काडतूस बाहेर काढावयाचे तर आधी खटका उघडणे भाग. सन २००० मध्ये माँटाना राज्यात एक बाई शिकारीहून परतल्यावर रायफल रिकामी करीत होती. तिने खटका उघडला, बार उडाला, आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा दगावला. चापाला आपण हात लावला नव्हता, असे तिचे म्हणणे. कंपनीने रचनेतला दोष कधी मान्य केला नाही; तथापि पुढे खटले चालले, आणि नवीन चाप बसवून देण्याची तडजोड २०१८ मध्ये कायम झाली. दोष यंत्राचा की माणसाचा, हा निवाडा क्षणभर बाजूला ठेवू. त्या चेंबरात काडतूस नसते तर निवाड्याची वेळच आली नसती.

उलट बाजूचे म्हणणे आम्ही झटकून टाकीत नाही. बोल्टचा आवाज निवांत रानात लांबवर जातो. हरीण कान टवकारते आणि दिसेनासे होते. सबंध दिवस थंडीत कुडकुडून अखेर हाती काय, तर शेपटीचे दर्शन! या विषयावर बोलत असता एका श्रोत्याने आम्हांस हेच विचारले होते. आमचे उत्तर असे की, होय, काही हरणे निसटतील. बोल्ट हलक्या हाताने सरकवण्याचा सराव करता येतो, तरीही काही निसटतील.

मात्र हिंस्र श्वापदाची गोष्ट वेगळी. ११ एप्रिल १९३० रोजी कुमाऊँतील चौगढच्या नरभक्षक वाघिणीशी जिम कॉर्बेटची शेवटची गाठ पडली. नाल्यातील एका शिळेला वळसा घालून त्याने मागे पाहिले, तो वाघीण सुमारे आठ फुटांवर! त्याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती, उजव्या हातात छातीशी आडवी धरलेली रायफल, भरलेली आणि खटका उघडा. त्याने त्या एकाच हाताने रायफल अगदी सावकाश वळवली आणि गोळी झाडली. बोल्ट ओढावयाचे म्हटले असते तर मोकळा हात कोठे होता? (अंडी शाबूत राहिली, आणि त्याने ती परत जागेवर ठेवली, हे जाता जाता सांगून टाकतो.) ज्या रानात आपणच कोणाची तरी शिकार होऊ शकतो तेथे भरलेली बंदूक हाच शहाणपणा. पण हरणामागे जाणाऱ्याने कॉर्बेटचा दाखला देणे म्हणजे पोहण्याच्या तलावात उतरताना समुद्राच्या वादळाची गोष्ट सांगण्यासारखे आहे.

पक्ष्यांच्या शिकारीतही रिकामी बंदूक चालत नाही; झुडपातून भुर्रकन उठलेला पक्षी काडतूस भरेपर्यंत थांबत नाही. पण तेथे उपाय सोपा. दुनळी बंदूक मध्ये मोडते. कुंपण आले की ती उघडावी, काडतुसे काढावी, मग पाय उचलावा. स्पीकच्या गडग्यावर याला किती क्षण लागले असते?

जर्मन लोकांनी ही गोष्ट व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेली नाही. तेथील सुरक्षानियमांप्रमाणे प्रत्यक्ष शिकार चालू असतानाच बंदूक भरलेली असावी. अडथळा ओलांडताना, मचाणावर चढता-उतरताना, गाडीत बसताना ती रिकामी हवी. पेटीत काडतुसे पण चेंबर रिकामे, या अवस्थेला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे. तेथील काही नव्या रायफलींत तर चेंबर भरले तरी स्प्रिंग ताणलेली नसते. नेम धरण्यापूर्वी अंगठ्याने जोर देऊन ती ताणावी लागते. यंत्राने वादाचा बराचसा भाग मिटवला तो असा. अमेरिकन शिकारीही शहाणा असला तर मचाणावर आधी स्वतः चढतो, आणि मग रिकामी बंदूक दोरीने वर ओढून घेतो.

आमच्या कोकणातील ठासणीच्या बंदुकीला वेगळे चेंबर नाही. दारू आणि छर्रे एकदा ठासले की ते काढणे कटकटीचे, म्हणून नळी भरलेलीच राहते. तेथे चेंबर रिकामे ठेवण्याच्या जागी येते ती केप. घोडा आपटतो त्या ठिकाणी केप बसवलेली नसेल तर बार होण्याचे साधनच राहत नाही. केप खिशात, हे त्या बंदुकीचे रिकामे चेंबर होय.

सकाळी बंदूक केव्हा भरावी याचाच विचार होतो, संध्याकाळी ती केव्हा रिकामी करावी याचा होत नाही. माँटानातला बार रिकामे करतानाच उडाला. तेव्हा माणसे थकलेली असतात, घराची ओढ लागलेली असते, सोबती आणि मुले भोवती गोळा झालेली असतात. जाणता शिकारी गाडीपाशी येण्यापूर्वीच लांब थांबतो, नळी मोकळ्या जमिनीकडे रोखतो, पेटी काढतो, बोल्ट मागे घेतो, आणि अंधार पडला असेल तर करंगळी आत घालून चेंबर चाचपून पाहतो.