लॅपटॉपच्या काठात बसणारे मेमरी कार्ड : सोय आणि मर्यादा

विरार स्थानकातून सकाळी चर्चगेटकडे निघणाऱ्या लोकलमध्ये पिशवी छातीशी धरून उभा राहिलेला नोकरदार आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीने किल्ल्याच्या बेटावर जाणारा शासकीय कर्मचारी यांच्यात एक साम्य आढळते. दोघांच्याही पिशवीत बहुधा लॅपटॉप असतो आणि दोघांच्याही लॅपटॉपमधील जागा केव्हाच अपुरी पडू लागलेली असते. जागा वाढविण्यासाठी लावलेला पेन ड्राइव्ह यंत्राच्या कडेतून बोटभर बाहेर राहतो. लोकलच्या गर्दीत किंवा होडीच्या हेलकाव्यात त्यास धक्का लागला, की पेन ड्राइव्ह तर वाकतोच, पण पुष्कळदा लॅपटॉपची खाचही निकामी होते. ह्या अडचणीवर निघालेला एक साधा उपाय म्हणजे लॅपटॉपच्या कडेशी समपातळीत बसणारा मेमरी कार्डाचा अ‍ॅडाप्टर होय.

वसई-विरार परिसरात ह्या प्रश्नाकडे केवळ वैयक्तिक सोयीच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिच्या क्षेत्रातील लोकसंख्या १२ लाखांवर गेल्याचे दिसून आले. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. शहर आणि खेडे येथे एकमेकांस लागून नांदत असल्यामुळे महानगरपालिका, ग्रामपंचायती, शाळा व महसूल कार्यालये यांच्या कामाचा व्याप मोठा आहे आणि त्यातील बराचसा भाग आता लॅपटॉपवर येऊन ठेपला आहे.

जागा कशाने भरते, हे पाहण्यासारखे आहे. पत्रव्यवहार, हजेरीपट, नमुना ८ ची आकारणी यादी यांना फारशी जागा लागत नाही. हजारो पानांचा मजकूरही लहानशा कोपऱ्यात मावतो. जागा खातात ती छायाचित्रे, स्कॅन केलेले जुने दप्तर आणि विशेषतः चलचित्रण. मोबाईलवर घेतलेले तासाभराचे चित्रण सुमारे ४ ते ८ जीबी जागा व्यापते. म्हणजे दोन तास चाललेल्या एका ग्रामसभेचे चित्रण १६ जीबीपर्यंत जाऊ शकते. उलट स्वस्त लॅपटॉपची एकूण क्षमता ६४ किंवा १२८ जीबी इतकीच असते. विंडोज ११ ह्या प्रणालीसाठी किमान ६४ जीबी साठवण असावी, अशी तिच्या निर्मात्यांचीच अट आहे. तेव्हा वापरणाऱ्याच्या वाट्यास काय उरते, हे सांगावयास नको.

अशा वेळी प्रथम एक गोष्ट तपासावी. लॅपटॉपचे झाकण उघडून आतील साठवण बदलता येत असेल, तर मोठ्या क्षमतेचा एसएसडी बसवून घेणे हाच उत्तम मार्ग होय. तो वेगवान असतो, टिकाऊ असतो आणि प्रणालीही त्यावरच चालते. परंतु अनेक पातळ व स्वस्त यंत्रांत साठवणीची चकती मुख्य पट्टीवरच डाखलेली असते. ती बदलता येत नाही. मेमरी कार्डाचा विचार खरा करावयाचा तो अशा यंत्रांच्या बाबतीत.

रचना कशी असते?

एसडी कार्डाची मानके पॅनासॉनिक, सॅनडिस्क व तोशिबा ह्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरविली. पूर्ण आकाराचे कार्ड ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद व २.१ मिलिमीटर जाड असते. मोबाईलमध्ये वापरले जाणारे मायक्रो एसडी कार्ड याहून पुष्कळ लहान, म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटर एवढेच असून त्याची जाडी १ मिलिमीटर असते. दोहोंचे अंतरंग मात्र एकाच जातीचे आहे.

काही लॅपटॉपांतील खाच पूर्ण खोलीची असते. कार्ड दाबले की ते आत जाऊन अडकते व पुन्हा दाबले की बाहेर येते. अशा यंत्रास निराळ्या अ‍ॅडाप्टरची गरज नाही. साधे कार्डही कडेशी जवळजवळ समपातळीत बसते. परंतु अनेक यंत्रांत खाच निम्म्या खोलीची ठेवलेली असते आणि त्यामुळे कार्डाचा अर्धाअधिक भाग बाहेर डोकावतो. कॅमेऱ्यातील कार्ड क्षणभर लावून छायाचित्रे उतरवून घ्यावीत, एवढाच ह्या खाचेचा मूळ उद्देश. कार्ड तेथे कायमचे वस्तीला येईल, अशी कल्पना यंत्र घडविणाऱ्यांनी केलेली नव्हती. अ‍ॅपल कंपनीच्या मॅकबुक यंत्रांत ही अडचण ठळकपणे जाणवली आणि २०१२ च्या सुमारास त्यांच्यासाठी आखूड अ‍ॅडाप्टर बाजारात येऊ लागले. पुढे ट्रान्सेंडसारख्या कंपन्यांनी ठरावीक यंत्रांच्या मापाची आखूड कार्डेच तयार केली.

अ‍ॅडाप्टरची करामत अगदी साधी आहे. एसडी कार्डाच्या पुढच्या भागाची, म्हणजे जेथे धातूच्या सोनेरी पट्ट्या असतात त्या भागाची, हुबेहूब नक्कल करावयाची, मागचा भाग खाचेच्या खोलीइतका कापून टाकावयाचा आणि मधल्या पोकळीत मायक्रो एसडी कार्ड बसवावयाचे. त्यात बुद्धिमान असा कोणताही भाग नसतो. केवळ तारांची जोडणी असते. म्हणूनच तो स्वस्त पडतो. आतील कार्ड भरले तर तेवढेच बदलता येते.

मापाच्या बाबतीत मात्र चूक चालत नाही. खाचेची खोली प्रत्येक यंत्रात वेगळी असते. एकासाठी केलेला अ‍ॅडाप्टर दुसऱ्यात खोल रुतून बसतो किंवा बाहेर राहतो. यास्तव खरेदीपूर्वी लॅपटॉपचा नेमका नमुना क्रमांक पाहावा. पोस्टकार्डाची घडी खाचेत अलगद सरकवून खोलीचा अंदाज घेण्याची युक्तीही उपयोगी पडते. काही लॅपटॉपांना कार्डाची खाचच नसते आणि काहींत थेट मायक्रो एसडीची खाच असते, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या यंत्रांची आणखी एक मर्यादा आहे. एसडीएचसी प्रकारची कार्डे ३२ जीबीपर्यंतच असतात. त्याहून मोठी, २ टीबीपर्यंतची कार्डे एसडीएक्ससी प्रकारात मोडतात आणि फार जुने यंत्र ती वाचू शकत नाही.

वेग आणि खरेदी

कार्ड हे आतील साठवणीची बरोबरी करू शकत नाही. यूएचएस-१ ह्या सर्वत्र आढळणाऱ्या वर्गाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाईट आहे. साध्या साटा जातीच्या एसएसडीचा वेग साडेपाचशेच्या आसपास असतो. कार्डावर ‘व्ही ३०’ असे छापलेले असेल, तर सलग लेखनाचा किमान वेग सेकंदाला ३० मेगाबाईट राहील, असा त्याचा अर्थ. त्या वेगाने ६४ जीबी मजकूर उतरविण्यास सुमारे ३६ मिनिटे लागतील. सबब रोजचे हिशेबाचे काम आतील साठवणीवर ठेवावे. संपलेल्या वर्षांची छायाचित्रे, प्रशिक्षणाच्या ध्वनिचित्रफिती, पाठांचे साहित्य अशी क्वचित लागणारी सामग्री कार्डावर हलवावी. घरातील नित्याची भांडी फळीवर आणि सणासुदीची माळ्यावर, असा हा प्रकार आहे.

१२८ जीबीचे कार्ड लावल्यावर विंडोजमध्ये ११९ जीबी एवढीच क्षमता दिसते, म्हणून अनेकांना आपण फसविले गेल्यासारखे वाटते. वस्तुतः उत्पादक हजाराच्या पटीने मोजतात आणि संगणक १०२४ च्या पटीने, फरक तेवढाच. खरी फसवणूक वेगळीच असते. बनावट कार्डातील नियंत्रक चकतीत खोटी क्षमता भरलेली असते. १६ जीबीचे कार्ड स्वतःस २५६ जीबीचे म्हणवून घेते, मजकूर निमूटपणे स्वीकारते आणि खरी जागा संपल्यावर जुना मजकूर पुसत किंवा नवा हरवत जाते. यादीत फाइलींची नावे दिसत राहतात; आत मात्र काही नसते. ह्याचा उलगडा अनेक महिन्यांनी, नेमकी फाइल हवी असताना होतो. म्हणून नवे कार्ड वापरात आणण्यापूर्वी ते पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावे. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ किंवा ‘एफ-थ्री’ ह्या विनामूल्य प्रणालींनी ही तपासणी आपोआप होते. रात्रभर लागला तरी तो वेळ सत्कारणी लागतो.

टिकाऊपणा

नालासोपारा येथे, म्हणजे प्राचीन शूर्पारकात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावी मिळाला. सुमारे २२०० वर्षे तो मजकूर दगडाने सांभाळला. मेमरी कार्डाकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्यातील अक्षर म्हणजे सूक्ष्म कोशात कोंडलेला विद्युत्भार. प्रत्येक पुनर्लेखनागणिक कोशाची झीज होते आणि न वापरता पडून राहिलेल्या कार्डातून हा भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत राहतो. उष्णतेने ही गळती वाढते. शिवाय कार्ड बिघडते ते पूर्वसूचना न देता. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत पट्ट्यांवर मळ धरतो तो वेगळाच. सहा महिन्यांनी अ‍ॅडाप्टर काढून कोरड्या मऊ कापडाने पुसणे हितावह ठरते.

प्रत, पण एकमेव नव्हे

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारने जो पाऊस अनुभवला, तो येथील नागरिक विसरलेले नाहीत. १० जुलै रोजी रुळांवर पाणी साचून वसई व विरार दरम्यानची रेल्वे वाहतूक बंद पडली; वडोदरा एक्स्प्रेसमध्ये अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास यावे लागले. मिठागरांच्या वस्तीत शेकडो लोक अडकून पडले आणि अनेक भागांत वीज नव्हती. तळमजल्यावरील कार्यालयात अशा वेळी टेबलाच्या खणात ठेवलेल्या लॅपटॉपचे काय होईल, याचा विचार प्रत्येक कार्यालयाने करावयास हवा.

समपातळीत बसणाऱ्या कार्डाचा मोठा गुण हाच येथे त्याचा मोठा दोष ठरतो. ते यंत्रापासून कधी वेगळे होत नाही. यंत्र भिजले तर तेही भिजते, यंत्र चोरीस गेले तर तेही जाते. मायक्रो एसडी कार्ड प्लॅस्टिकच्या भरीव आवरणात बंद असल्यामुळे बुडालेल्या यंत्रातून काढून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळविल्यावर ते वाचता येण्याचा पुष्कळ संभव असतो, हे खरे. पण संभवावर दप्तर सोपविता येत नाही. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, हा संगणक क्षेत्रातील मान्य संकेत आहे. कार्डावरील प्रत ही ह्या तिघांतील एक म्हणून चालेल. ग्रामपंचायतीचे इतिवृत्त किंवा शाळेची नोंदवही मात्र केवळ कार्डावर ठेवून मूळ फाइल पुसणे, हा धोका कोणीही पत्करू नये.

कार्ड अचानक ओढून काढल्यानेही फाइली बिघडतात. ‘इजेक्ट’ची आज्ञा देऊन मगच ते काढावे.

विद्यार्थ्यांचे तपशील, लाभार्थ्यांचे आधार व बँक खाते क्रमांक कार्डावर असतील, तर ते कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेले असणे अगत्याचे आहे. लॅपटॉपला सांकेतिक शब्द असला तरी नखाने उचकटून काढलेले कार्ड दुसऱ्या कोणत्याही यंत्रात उघडते. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत यासाठी ‘बिटलॉकर’ची सोय आहे, अन्य यंत्रांवर विनामूल्य ‘व्हेराक्रिप्ट’ वापरता येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केलेला आहे, याचेही स्मरण असावे.

आणखी एक बाब कार्यालयीन आहे आणि तिकडे सहसा दुर्लक्ष होते. कडेशी समपातळीत बसलेले कार्ड नजरेस पडत नाही. कर्मचाऱ्याची बदली होऊन कार्यभार दुसऱ्याकडे गेला, लॅपटॉप दुरुस्तीस पाठविला किंवा निर्लेखित करून विकला, की कार्डही त्याच्यासोबत कोणाच्या लक्षात न येता निघून जाते. म्हणून कार्ड व अ‍ॅडाप्टर यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत लॅपटॉपच्या नोंदीखाली, क्षमता व खरेदीच्या दिनांकासह करावी. कार्यभार यादीतही त्यांचा स्वतंत्र उल्लेख असावा आणि यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी कार्ड काढून घेतल्याची सही त्याच पानावर घ्यावी.