डाग कोणता, गोंदण कोणतं?

आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो पुसट झाला, की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘मोबाइलवर टाक, मिनिटात नवा होईल.’ होतोही. फक्त त्यातली आजी पुष्कळदा दुसरीच कुणीतरी असते. ही नवी ॲप हजारो परक्या चेहऱ्यांवर शिकलेली असतात. जिथे डोळा पुसट दिसतो तिथे ती शिकलेला डोळा बसवतात. म्हणून थोडा वेळ लागला तरी फोटोशॉप किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये आपल्या हाताने काम करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

आधी फोटोचं काय बिघडतं ते पाहू. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा म्हणजे जिलेटिनच्या थरात बसलेले चांदीचे बारीक कण. स्टुडिओत घाईघाईने धुतलेल्या फोटोत हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करणारं रसायन, उरतं. त्यातलं गंधक चांदीशी जुळतं आणि प्रतिमा पिवळट-तपकिरी होते. कोकणातल्या पावसाळी दमटपणात बुरशी तर जिलेटिनच खाते. रंगीत फोटोत चांदी नसते. निळसर, किरमिजी आणि पिवळी अशी तीन रंगद्रव्यं असतात. जुन्या रंगीत कागदांपैकी पुष्कळांत अल्बमच्या अंधारातही निळसर द्रव्य आधी उडालं. त्या काळातली लग्नं आज लालसर दिसतात ती त्यामुळे.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. जिलेटिनचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकटच स्कॅन करावा. सुट्या फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटकावी, ओला रुमाल फिरवू नये.

स्कॅन मात्र मन लावून करावा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला घेतला, तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. स्कॅनरमधली आपोआप सुधारणा बंद ठेवावी. १६ बिट आणि टिफ निवडावं. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ छटा असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. विटलेल्या फोटोत छटा आधीच थोड्या उरलेल्या असतात. त्या ताणून पसरवल्या की ८ बिटमध्ये गालावर पट्टे उमटतात.

आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा. यात खरी गंमत आहे. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशी तीन चॅनल वेगवेगळी उघडून पाहता येतात. पिवळट पडलेली प्रतिमा निळा प्रकाश शोषते, म्हणून डोळ्यांना न दिसणारे पोलक्याचे काठ, पदराच्या चुण्या बहुधा निळ्या चॅनलमध्ये सापडतात. उलट, चहाच्या रंगाचा डाग लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. फोटो नुसता विटला असेल तर निळं चॅनल, डागाळला असेल तर लाल. कधी अर्धा फोटो एकातून, अर्धा दुसऱ्यातून घ्यावा लागतो. मग लेव्हल्स आणि कर्व्ह्जनी उजेड-सावली सावकाश वाढवावी.

डाग पुसायला हीलिंग ब्रश उत्तम. फोटोशॉपमध्ये तो २००२ साली आला, आणि त्याआधी क्लोन स्टॅम्पवर तासन् तास घालवलेल्यांना त्याची किंमत विचारावी. ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ हा फिल्टर मात्र सबंध फोटोवर कधीही चालवू नका. त्याला बारीक ठिपका म्हणजे कचरा एवढंच कळतं. नथीचे मोती, मंगळसूत्राचे मणी, हनुवटीवरचं गोंदण तो धुळीबरोबर पुसून टाकतो. प्रत्येक ठिपका मोठा करून पाहावा, शंका आली तर राहू द्यावा. दुरुस्ती वेगळ्या लेयरवर असली की चुकलेलं परत घेता येतं. चेहऱ्याला सगळ्यात शेवटी हात लावावा, तोही बेताने. गालाचा तुकडाच उडाला असेल तर त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो समोर ठेवावा; नसेल तर ती जागा शांत करड्या छटेने भरून सोडावी.

रंग भरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण कॅमेऱ्यातल्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळं येई, लाल शालूही काळपटच. त्या करड्या छटेवरून मूळ रंग ओळखणं यंत्राला शक्य नाही. ते अंदाजाने शालू तपकिरी करतं आणि कपाळावरचा डाग समजून कुंकू पुसतं. रंग आत्याला विचारावा. तिला शालूचा रंग, काठाची रुंदी, तो कुणी आणला होता, सगळं आठवत असतं.

स्टुडिओतल्या कलाकाराने हाताने रंगवलेला फोटो असेल तर ते गुलाबी ओठ आणि सोनेरी दागिने ‘सुधारायला’ जाऊ नये. ती त्याची कारागिरी आहे.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कुणाचं तरी अक्षर असतं, कधी मोडीतली ओळ. मूळ स्कॅन आणि दुरुस्त प्रत अशा दोन फाइली वेगळ्या ठेवाव्यात. दुरुस्त फाइलच्या माहितीत माणसांची नावं लिहावीत, आणि खाली एवढंही: उजव्या हाताची बोटं नव्याने काढली आहेत, शालूचा रंग आत्याने सांगितला.