सागरतीरीचा शिमगा

फाल्गुन लागला की आमच्या रिद्धपुरात शेणाच्या चाकोल्या थापण्याची मुलांची लगबग सुरू होते. दुकानांतून साखरेच्या गाठी झळकू लागतात, तिकडे मेळघाटात पळस पेटतो आणि कोरकू बांधवांना फगव्याचे वेध लागतात. फाल्गुनाचे हेच एक रूप जन्मभर पाहिलेल्या प्रस्तुत लेखकास दोन वर्षे पणजीस कन्येच्या घरी राहण्याचा योग आला. खारा वारा, माडांची सळसळ आणि चहूकडे कोकणी बोली! वऱ्हाडी मनुष्यास तो परदेशच वाटावा. आणि १९६१ पर्यंत तो खरोखरच परक्या राजवटीखालील मुलूख होता.

पहिल्या वर्षी कार्निवलचे ढोल वाजू लागले तेव्हा आम्ही खिडकी लावून पोथी उघडली. मुखवटे, मद्य आणि मोकाट नाच यांचा कीर्तनकाराशी काय संबंध, असा आमचा ताठा. दुसऱ्या वर्षी मात्र नातीने हात धरला, “आजोबा, चला ना! तुमच्याशिवाय मी जाणार नाही.” नातीपुढे कोणाचे वैराग्य टिकले आहे?

मांडवीच्या काठी गर्दीत उभे राहिलो. शृंगारलेल्या रथावरून मोमो राजा आला. खा, प्या, मजा करा, असे त्याचे फर्मान. चार दिवसांचे हे राज्य! पूर्वी या सणास ‘इंत्रुज’ म्हणत आणि लोक एकमेकांवर पीठ व रंगीत पाणी उडवीत. चित्ररथांची आजची मिरवणूक १९६५ पासूनची. साष्टीच्या गावांत अजूनही या दिवसांत अंगणोअंगणी ‘खेळ’ होतात. गाण्यांतून गावच्या लबाडांची हजेरी घेतली जाते. हे ऐकले आणि शिमग्याची सोंगे डोळ्यांपुढे उभी राहिली.

मग आठवली हर्षाची ‘रत्नावली’. सातव्या शतकातील त्या नाटिकेचा पहिलाच अंक मदनोत्सवाचा. कौशांबीच्या रस्त्यांवर सुगंधी चूर्ण उधळले आहे, शिंगांच्या पिचकाऱ्यांनी पाणी उडते आहे आणि राजा उदयन प्रासादावरून ते कौतुकाने पाहतो आहे. ब्राह्मण विदूषकास तर राहवत नाही. तो दासींच्या नाचात जाऊन मिसळतो. ही नाटिका आम्ही कितीदा तरी शिकविली, पण तिचा अर्थ त्या सायंकाळी कळला. नातीने हळूच आमच्या पायाकडे बोट दाखविले. पाय ताल धरीत होता!

पंचांग पाहणाऱ्यास यात आणखी एक मौज दिसेल. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो आणि कार्निवलचा अखेरचा मंगळवार त्याच्या ४७ दिवस आधी येतो. म्हणून तो बहुधा अमावास्येच्या आसपास पडतो. २०२६ साली तर १५ फेब्रुवारीची महाशिवरात्र कार्निवलच्या चार दिवसांतच आली. चंद्र एकच, त्याच्याकडे पाहणारी अंगणे तेवढी वेगळी.

परंतु आमचा ताठा खऱ्या अर्थाने उतरला तो बुधवारी. आदल्या दिवशी गच्चीवरून टाळ्या पिटणाऱ्या शेजारच्या वृद्ध ख्रिस्ती बाई सकाळी चर्चमधून परतल्या. कपाळावर राखेची खूण होती. मंदस्मित करून म्हणाल्या, “आतां चाळीस दीस उपास, बाबा.” आमच्या कपाळीही भस्मच होते. वर्षभर ज्या उत्सवास आम्ही स्वैराचार समजत होतो, तो व्रताचा उंबरठा होता! कार्निवल हा शब्दच मुळी मांस वर्ज्य करण्याच्या अर्थाचा, असे अभ्यासक मानतात. देहाची माती होणार, हे राखेने सांगावे आणि त्याआधी मनसोक्त हसून घ्यावे, हा क्रम आम्हांस परका का वाटावा? होळीची राखही आपण कपाळी लावतोच की!

आणि रिद्धपूरच्या माणसाने तर हसण्याला नाक मुरडूच नये. तेराव्या शतकात याच गावी श्रीगोविंदप्रभू वेड्यासारखे हसत, खेळत, रुसत वावरले. विटाळाची बंधने न मानता ते कोणाच्याही घरी शिरत. शहाण्यांनी त्यांना वेडे म्हटले. सामान्य जनांनी मात्र त्यांच्यात आई आणि बाप दोन्ही पाहिले. म्हाइंभटांनी त्यांच्या लीला लिहून ठेवल्या. आम्ही त्या आदराने वाचल्या, परंतु शेजारच्या हसण्यास खिडकी लावली. पांडित्य म्हणतात ते हेच!

सगळेच गोड होते असे नाही. काही रथांवर देखाव्यापेक्षा मालाची जाहिरात मोठी होती आणि कर्ण्यांच्या गदारोळात गाणे हरवत होते. पण हे दूषण देताना आपल्या मिरवणुकांतील भिंती हादरविणारे आवाजही आठवावेत. जेथे माणसाचे हसू ऐकू येईनासे होते, तेथे उत्सव संपतो, मग गाव कोणतेही असो.

आता आम्ही रिद्धपुरी परतलो आहोत. यंदा होळीपुढे उभे राहू तेव्हा चाकोल्यांच्या माळेबरोबर आपला थोडा ताठाही अग्नीस अर्पण करावा, असा मानस आहे. दुसऱ्या दिवशी ती राख कपाळी लावताना त्या बाईंचे स्मरण होईलच. वाचकहो, आपली होळीही अशीच निवविणारी ठरो.