सोमवार ते शनिवार

सौंसर तालुक्यातले बोरगाव आता पांढुर्णा जिल्ह्यात आहे. 2023 साली हा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा झाला. गावाजवळ औद्योगिक वसाहत, रेमंडची कापड गिरणी आणि भोवतालच्या मुलखात संत्र्याचे बगीचे. घरात मराठी, सरकारी कागदावर हिंदी. अशा ठिकाणी ज्याची पाळी रविवारीच लागते, त्या ख्रिस्ती कामगाराची श्रद्धा उपासनेच्या दीड तासावर कशी भागणार? ती मजुरीत, उधारीत, मुलीच्या शिक्षणात, शेजाऱ्याच्या आजारपणात दिसायला हवी. नागपूरच्या आसपास ही अपेक्षा काही माणसांनी फार पूर्वीच अंगावर घेतली होती. त्यांचे आठवड्याचे उरलेले सहा दिवस आज मुद्दाम पाहावेत असे आहेत.

स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले, तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. हा स्कॉटिश मिशनरी शाळा चालवी, उपदेश करी आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करी. निर्मात्याला ओळखायचे तर त्याची निर्मितीही वाचली पाहिजे, या भावनेने जगणाऱ्यांपैकी ते एक होते. नागपूर परिसरातले जीवाश्म त्यांनी जगापुढे आणले. एका हिरव्या खनिजाला त्यांचे नाव मिळाले. गोंडांच्या कथा आणि शब्द त्यांनी टिपून ठेवले. ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, रात्री पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्या दिवशी एक शाळाही त्यांनी तपासली होती. संशोधन आणि सेवा त्यांनी कधी वेगळ्या खात्यांत मांडली नाही. 1883 साली सुरू झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांचेच नाव सांगते.

नारायण वामन टिळकांची गोष्टही याच पट्ट्यातली. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथवरची हकिगत सर्वांना ठाऊक असते. त्यापुढची अधिक महत्त्वाची आहे. धर्मांतरितांपैकी अनेकांना घरदार सोडावे लागे, मिशनच त्यांना काम आणि पगार देई. आणि माणूस श्रद्धेने टिकला की पगाराने, हे सांगणे अवघड होई. टिळकांना हे सलत होते. परक्या साच्यातली उपासना त्यांना पुरेशी वाटेना. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. अखेर 1917 साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हक्काचे उत्पन्न सोडावे, हे मला त्यांच्या सर्व काव्याइतकेच मोलाचे वाटते. दोनच वर्षांत, 9 मे 1919 ला, ते गेले.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवास मात्र स्वयंपाकघरातून झाला. सोवळे, पाणी, कुणाच्या हातचे खायचे आणि कुणाच्या नाही, हे सारे एकेक करून सोडायला त्यांना वर्षे लागली. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनीही तो घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन वाचताना कळते की मन बदलले तरी हाताची सवय बदलायला फार उशीर लागतो.

पंडिता रमाबाईंनी उपाशी माणसांपुढे बाकीचे सगळे मागे सारले. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे याच भागात, दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे फिरल्या आणि शेकडो मुली-बायकांना आपल्यासोबत घेऊन गेल्या. एवढ्या जणींना ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनने सोडवला. तिथे प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती, छपाई शिकवली जाई. अंध स्त्रियांना ब्रेल. साध्या बाईला समजेल असे मराठी बायबल हवे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, तोवर ते भाषांतर त्यांनी हातावेगळे केले होते. मुक्तीतल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले.

जे. सी. कुमारप्पा मराठी नव्हते. तंजावरचे तमिळ ख्रिस्ती. पण त्यांची कर्मभूमी वर्धा. लंडनमध्ये शिकलेला हा हिशेबतपासनीस मुंबईतला चालता व्यवसाय सोडून 1929 साली गांधीजींकडे आला. 1934 च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजींसोबत आलेल्या मंडळींचा खर्च त्या निधीतून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा होता.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत उभे केले. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या: येशूच्या प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची मागणी त्यांनी इतकी प्रत्यक्षात उतरवली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. छिंदवाडा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. ती शेजारी ठेवून वाचली की एकाच माणसाचा एकच विचार दिसतो: आपण काय विकत घेतो, त्यात दुसऱ्याचे पोट भरते की मारले जाते, हा धार्मिक प्रश्न आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांच्या दिवसात प्रार्थनेशेजारी अंगमेहनत बसवली होती. कुमारप्पांनी त्यात बाजारही आणून बसवला. गिरणी आणि बगीचा शेजारी असलेल्या गावांनी आज हे वाचायला हवे, असे मनापासून वाटते.

नागपूरपासून दूर, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वाटेने पाण्यापर्यंत पोहोचले. टँकरने विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, जमिनी बळकावल्या जाऊ लागल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढे उभे राहिले. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी संपादित केले. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पहिल्यांदाच एका ख्रिस्ती धर्मगुरूकडे आले. विरोध झाला, प्रकृतीही साथ देत नव्हती, तरी ते गेले आणि बोलले. 25 जुलै 2024 ला त्यांचे निधन झाले. वसईची हिरवाई अजूनही आक्रसते आहे, आणि ती राखण्याचे काम तिथल्या गावकऱ्यांच्या अंगावर आहे.