धडक नाही, तर थंडावा नाही

अतिशीत अणूंच्या प्रयोगशाळेत शिरलं, तर थंड करणारं यंत्र कुठेच दिसत नाही. लेसर, आरसे, तांब्याची वेटोळी आणि हवा उपसून टाकलेली काचेची कुपी, एवढाच पसारा. कुपीतले अणू कशालाही न टेकता चुंबकीय सापळ्यात लटकलेले. लेसरने बराच पल्ला गाठता येतो; शेवटचा थंडावा मात्र अणूंच्या आपसातल्या धडकांतूनच यावा लागतो. माठ पाझरताना जास्त ऊर्जेचे रेणू उडून जातात आणि मागे उरलेलं पाणी गार होतं, तसंच हे. तापट अणू बाहेर काढायचे आणि उरलेल्यांनी एकमेकांवर आपटत नवं, खालचं तापमान पत्करायचं.

कोलोरॅडोतल्या बोल्डर गावच्या ‘जायला’ या संस्थेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी जून १९९५मध्ये याच वाटेने रुबिडियम-८७चं बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट, म्हणजे एकाच पुंज-अवस्थेत गोळा झालेल्या अणूंचा ढग, मिळवलं. त्याचं कौतुक सगळ्यांना ठाऊक आहे. पण रुबिडियम किती मनमिळाऊ आहे, हे खरं तर त्यानंतर कळलं. क्रिस मायट आणि सहकाऱ्यांनी एकाच सापळ्यात रुबिडियमचे दोन वेगवेगळ्या स्पिन-अवस्थांतले अणू एकत्र ठेवले. बाष्पीभवन एकाच अवस्थेचं केलं. दुसरी नुसत्या संगतीने गार झाली. जाणकारांना यात भरवसा नव्हता. दोन अवस्था भिडल्या की स्पिन उलटणार, ऊर्जा सुटणार आणि अणू सापळ्याबाहेर फेकले जाणार, असा हिशेब होता. १९९७मध्ये निकाल छापून आला तेव्हा नुकसान अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी कमी निघालं. रुबिडियम-८७चे अणू दोन प्रकारे एकमेकांना भिडू शकतात आणि दोन्ही प्रकारांत त्यांचं वागणं जवळजवळ सारखं असतं, म्हणून स्पिन उलटण्याचा परिणाम जवळपास रद्द होतो. हा निव्वळ योगायोग! दुसऱ्या अणूकडून असल्या औदार्याची आशा धरू नये.

त्याच इमारतीत डेबोरा जिन नेमक्या उलट्या स्वभावाच्या अणूंच्या मागे लागल्या होत्या. फर्मिऑन. एकाच अवस्थेतले दोन फर्मिऑन पाउलीच्या नियमामुळे समोरासमोर भिडतच नाहीत. वळसा घालून भिडण्याची एक वाट उरते, पण तिच्यात ऊर्जेचा चढ आहे, आणि अणू जितके गार तितका तो चढणं अवघड. म्हणजे धडकांची सर्वांत जास्त गरज भासते, त्याच टप्प्यावर त्या बंद पडतात. या खोडीने हताश न होता जिन आणि त्यांचा पहिला पीएचडी विद्यार्थी ब्रायन डीमार्को यांनी आधी ती नीट मोजली.

उपाय मिश्रणाचाच होता: पोटॅशियम-४०चे दोन स्पिन-अवस्थांतले अणू. वेगळ्या अवस्थेतल्या अणूशी भिडायला पाउलीची आडकाठी नाही. तोल मात्र सांभाळावा लागतो. एका अवस्थेचे अणू आधी संपले, तर दुसरीला भिडायला कोणी उरत नाही. म्हणून दोन्हींतले तापट अणू सारख्याच हिशेबाने काढत राहायचे.

खरी अडचण त्याच्याही आधीची. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४०चं प्रमाण फक्त ०.०१२ टक्के, म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक अणू. मग डीमार्को यांनी स्रोतही स्वतःच बनवला. या समस्थानिकाचं प्रमाण वाढवलेलं पोटॅशियम क्लोराइड घ्यायचं, त्यात कॅल्शियम कालवायचं, धातूच्या लहानशा पन्हळीत भरून वीज सोडायची. कॅल्शियम क्लोरीनला धरून बसतं आणि पोटॅशियमची वाफ सुटते. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा पराक्रम हाच. चकचकीत आलेखांत तो दिसत नाही.

सप्टेंबर १९९९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निकाल आला. सुमारे सात लाख अणू, तापमान ३०० नॅनोकेल्विनच्या आसपास. कंडेन्सेटसारखं टोकदार शिखर इथे उगवत नाही. फर्मिऑनचा वायू पुंज-नियमांच्या राज्यात शिरल्याची खूण म्हणजे दोन कुरकुरी: अणूंची ऊर्जा साध्या वायूपेक्षा जास्त राहते आणि थंडावणं मंदावतं, कारण खालच्या जागा आधीच भरलेल्या असतात.

पुढे फ्लॉरेन्समध्ये मासिमो इंगुशियो यांच्या गटाने पोटॅशियम-४०ला रुबिडियमच्या संगतीत ठेवलं. दोघांतलं आकर्षण इतकं जबर, की अणूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेल्यावर पोटॅशियमचा ढग आतल्या आत कोसळला. २००२चा तो लेख गाजला. २००८मध्ये जिन आणि त्यांचे सहकारी जुन ये यांनी याच जोडीचे अतिशीत रेणू बनवले, आणि तिथे फासे उलटे पडले. दोन रेणू भिडले की त्यांची रासायनिक अभिक्रिया होऊन ते नाहीसे होत. आता धडका टाळण्याची खटपट सुरू झाली. रेणूंना पातळ थरांत कोंडून ठेवल्यावर हा ऱ्हास आटोक्यात आला.

जिन २०१६मध्ये कर्करोगाने गेल्या, वयाच्या ४७व्या वर्षी. अमेरिकन फिजिकल सोसायटी अणू-रेणू भौतिकीतल्या उत्कृष्ट पीएचडी प्रबंधाला जो पुरस्कार देते, तो आज त्यांच्या नावाने दिला जातो.